जुन्या आगबोटींची निशाणी : पेटीतला ऐवज भंगारात घालण्यापूर्वी

कोकणच्या खाड्यांकाठच्या मुस्लिम वस्त्यांत अशी घरे थोडी नाहीत, की जेथे कोणी ना कोणी बोटीवर नोकरी केलेली आहे. बाणकोट, हर्णै, दाभोळ, जैतापूर या पट्ट्यातून डेकवरचे खलाशी, सुकाणी, टंडेल आणि सारंग मुंबई बंदरात भरती होत. त्यांच्या मागे घराघरांत एक पत्र्याची पेटी राहिली आहे. तीत जुनी कागदपत्रे, कंपनीचे चिन्ह असलेली बशी, पितळी बटणे, एखादी चांदीची शिटी आणि परदेशच्या नोटा असतात. पेटीचा मालक अल्लाहला प्यारा झाला, मुलेबाळे आखातात किंवा मुंबईत स्थायिक झाली, घर दुरुस्तीला निघाले, की ही पेटी दोनपैकी एका वाटेने जाते. कागद चुलीत जातात आणि धातू वजनावर भंगारवाल्याकडे जातो. या पेटीत नेमके काय असते, त्याला बाजारात आणि सरकारदरबारी काय किंमत आहे, आणि ती किंमत कशामुळे ठरते, हे वाचकांच्या माहितीसाठी आम्ही येथे मांडत आहोत.

एक कंपनी, अनेक बोटी

उदाहरणादाखल आम्ही मोगल लाइन ही कंपनी घेतली आहे, कारण आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घराण्याचा तिच्याशी नोकरीने किंवा हजच्या प्रवासाने संबंध आलेला आहे. ही कंपनी १८७७ साली मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' या नावाने स्थापन झाली. इराणी मुसलमानांना मुंबईत 'मोगल' म्हणण्याची जुनी रीत आहे. इमामवाड्यातील मोगल मशीद त्याची साक्ष देते. पुढे मोगल लाइन हेच नाव कंपनीने अधिकृतपणे धारण केले. टर्नर मॉरिसन ही पेढी अनेक वर्षे तिचा कारभार पाहत असे. स्वातंत्र्यानंतर कंपनी सरकारी मालकीकडे आली आणि १९८६ साली ती शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली.

'अलवी', 'रिझवानी', 'इस्लामी', 'मोहम्मदी', 'मुझफ्फरी' ही नावे जुन्या हाजींच्या तोंडी आजही ऐकू येतात. 'रहमानी' ही बोट दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जपानी पाणबुडीने बुडवली. नंतरच्या काळात 'अकबर' आणि 'नूरजहाँ' यांनी यात्रेकरू वाहून नेले. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या किनाऱ्यावरच्या उतारू बोटीही काही काळ याच कंपनीने चालवल्या. मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाण्याची सोय १९९५ साली बंद झाली. त्यानंतर ज्यांचा जन्म झाला, त्यांनी ही बोट कधी पाहिलीच नाही. त्यांच्यापाशी उरली आहे ती फक्त पेटी.

किंमत कशाने ठरते?

जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा पहिला नियम असा, की वस्तू मोलाची ठरते ती तिच्याबरोबर चालत आलेल्या पुराव्याने. एक ताजे उदाहरण पाहू. मुंबईकडे निघालेली 'शिराला' नावाची मालवाहू बोट २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडवली. तिच्यावर भारतासाठी छापलेल्या नोटांची पुडकी होती. त्यातल्या काही नोटा लाटांबरोबर किनाऱ्याला लागल्या. बहुतेक नष्ट करण्यात आल्या, थोड्या लोकांच्या हाती राहिल्या. २५ मे १९१८ ही तारीख असलेल्या अशा दहा रुपयांच्या दोन नोटा मे २०२४ मध्ये लंडनच्या नूनन्स या लिलावगृहात विक्रीला आल्या. तशी दहाची जुनी नोट दुर्मिळ असतेच. परंतु या दोन नोटांना गिऱ्हाइकाने जो भाव दिला, त्यात बोटीचे नाव, बुडाल्याचा दिवस आणि नोटेवरची तारीख यांचा जुळलेला हिशेब होता.

हाच नियम गावाकडच्या पेटीला लावून पाहावा. नुसती पितळी घंटा म्हणजे अमुक किलो पितळ. त्या घंटेवर बोटीचे नाव आणि बांधणीचे साल कोरलेले असेल, तर ती संग्राहकाची वस्तू झाली. आणि त्याच बोटीवर घरातला माणूस नोकरीस होता असे दाखवणारा कागद सोबत असेल, तर ती इतिहासाची वस्तू झाली. धातू तोच, वजन तेच. भाव मात्र तिन्ही वेळा वेगळा.

सर्वांत मोलाचा कागद : नळी

खलाशाच्या नोकरीची नोंदवही, म्हणजे सी.डी.सी., हिला जुने खलाशी 'नळी' म्हणत. पेटी उघडल्यावर सर्वांत आधी ही शोधावी. नळीत खलाशाचे नाव, जन्मतारीख, फोटो आणि अंगावरच्या खुणा असतात. त्यापुढे प्रत्येक फेरीची स्वतंत्र ओळ असते : बोटीचे नाव, तिचा अधिकृत क्रमांक, कोणत्या बंदरात कोणत्या तारखेला चढला, केव्हा उतरला, हुद्दा काय होता आणि कामाबद्दलचा शेरा काय. बोटीचे नाव विक्रीनंतर बदलते, पण एका नोंदणीत असेपर्यंत तिचा अधिकृत क्रमांक बदलत नाही. म्हणून नावापेक्षा क्रमांक अधिक भरवशाचा समजावा.

या वहीचा उपयोग केवळ आठवणीपुरता नाही. खलाशांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९६६ साली झाला आणि ती योजना १ जुलै १९६४ पासून लागू धरण्यात आली. अधिकारी वर्ग सोडून इतर खलाशांसाठी ती आहे. निधीचे कार्यालय मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधील 'कृपानिधी' या इमारतीत आहे. खलाशी हयात नसेल आणि रक्कम उचललेली नसेल, तर वारसांना दावा करताना नळीचा क्रमांक आणि नोकरीच्या नोंदी यांचाच आधार असतो. त्याच भागातील खलाशी कल्याण निधी संस्थेने अटी पूर्ण करणाऱ्या निवृत्त खलाशांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी मासिक साहाय्याची योजना राबवलेली आहे. तिथेही पहिला प्रश्न नोकरीच्या पुराव्याचा येतो. घरात कोणी १९६४ नंतर बोटीवर होते आणि हिशेब पूर्ण झाल्याची खात्री नाही, अशा कुटुंबांनी नळी हाती घेऊन एकदा चौकशी अवश्य करावी. चौकशीसाठी दलालाची गरज नाही. मूळ नळी कोणाच्याही हाती सोपवू नये. झेरॉक्स द्यावी आणि मूळ प्रत फक्त दाखवावी.

नळी हरवली असेल, पण बोटीचे नाव आणि साधारण साल ठाऊक असेल, तरी मार्ग अगदी बंद होत नाही. ब्रिटिश नोंदणीच्या बोटींचे खलाशांशी झालेले करार मोठ्या प्रमाणावर जपले गेले आहेत. त्यांचा सर्वांत मोठा साठा कॅनडात, न्यूफाउंडलँडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास संग्रहात आहे. काही भाग लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १९१५ सालच्या याद्या तर नावानिशी शोधता येतील अशा तयार केल्या गेल्या आहेत. ज्यांचे आजे-पणजे इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर होते, त्यांना याचा उपयोग होऊ शकेल. नावांची स्पेलिंगे मात्र गोऱ्या कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी लिहिलेली असतात, हे ध्यानी ठेवून दोन-चार प्रकारे शोधावे.

हजच्या नोटा

पेटीत कधी कधी निळ्या रंगाची दहाची किंवा तांबड्या रंगाची शंभराची भारतीय नोट सापडते आणि घरचे लोक ती खोटी समजतात. ती खोटी असेलच असे नाही. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी खास नोटा काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एच.ए.' ही इंग्रजी अक्षरे असत. त्या भारतात चालत नसत. सौदी अरबस्तानात खर्चासाठी बदलून घेण्यापुरत्या होत्या. त्याच वर्षी आखाती देशांत चालण्यासाठी वेगळ्या नोटाही निघाल्या, त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' असे. त्या काळी आखातात भारतीय रुपयाच चालत होता आणि सोन्याच्या चोरट्या व्यापारातून परकीय चलन बाहेर जात होते. ते रोखण्यासाठी देशातल्या आणि देशाबाहेरच्या नोटा वेगळ्या करण्यात आल्या.

हजच्या नोटा खर्च झाल्या की परत रिझर्व्ह बँकेकडे येत, म्हणून लोकांकडे फार थोड्या उरल्या. डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात शंभराची अशी एक नोट सुमारे ५६ लाख रुपयांना गेली. हा आकडा वाचून कोणी हुरळून जाऊ नये. लिलावातला भाव नोटेच्या अवस्थेवर, क्रमांकावर आणि त्या दिवशीच्या गिऱ्हाइकावर अवलंबून असतो. घडी पडलेली, टाचणीची भोके असलेली नोट त्याच्या जवळपासही जात नाही. तरी ती बिनकामाची समजून मुलांच्या हाती खेळायला द्यावी, अशीही ती वस्तू नव्हे. अशी नोट धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये. एकाच व्यापाऱ्याला दाखवून लगेच विकूही नये.

नोटेबरोबर बोटीचे तिकीट, यात्रेकरू परवाना, लस टोचल्याचा दाखला असे कागद असतील, तर ते सगळे एकत्र ठेवावेत. सुटे केले की प्रत्येकाची किंमत घटते.

बोटीचे सामान आणि त्याचा बाजार

बोट म्हातारी झाली की ती तोडणीला जाते. मुंबईत हे काम दारूखान्यात चाले. गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ साली पहिली बोट तोडणीला लागली आणि नंतर हा धंदा मुख्यतः तिकडे गेला. लोखंड रोलिंग मिलकडे जाते. खुर्च्या, पलंग, भांडीकुंडी, आरसे, दिवे, दोरखंड हे सारे अलंग ते त्रापज रस्त्यावरच्या दुकानांत विकायला येते. निवडक पितळी सामान मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर पोहोचते. या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

संग्राहक ज्या वस्तू शोधतात त्या ठरलेल्या आहेत. बोटीची घंटा, बांधणाऱ्या कारखान्याची नावाची पाटी, इंजिनरूमला हुकूम देणारा पितळी टेलिग्राफ, होकायंत्र, सेक्स्टंट, गोल खिडकी, आणि कंपनीचे चिन्ह असलेली बशी-कपाची भांडी. सारंगाची साखळीची चांदीची शिटी हीही यातलीच. तिच्या आवाजावर डेकची सारी माणसे हलत. सारंगाचा दर्जा तीच सांगत असे. सोनाराकडे तिला चांदीचा भाव मिळेल. नाव आणि बोट यांच्या नोंदीसह तिची किंमत निराळी.

पितळी वस्तू हाती आली की ती चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख करण्याचा मोह होतो. तसे करू नये. कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि जुनेपणाचा रंग जातो. जाणकार गिऱ्हाईक नेमके हेच आधी पाहते.

नकली माल कसा ओळखावा?

उत्तर प्रदेशातील मुरादाबादेत पितळकाम आणि उत्तराखंडातील रूरकीत मोजमापाची उपकरणे बनवण्याचा मोठा उद्योग आहे. तेथे जुन्या पद्धतीची दुर्बीण, होकायंत्र आणि सेक्स्टंट बनतात व परदेशीही जातात. नवी वस्तू नवी म्हणून विकणे हा सरळ धंदा आहे, त्यावर अनेक कारागिरांची रोजी चालते. तीच वस्तू 'आजोबांच्या बोटीवरची' म्हणून विकली की ती फसवणूक होते.

एक खूण वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी. 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७' असे कोरलेले सेक्स्टंट बाजारात खंडीभर मिळतात. केल्विन आणि ह्यूजेस या दोन पेढ्या एकत्र आल्या त्या १९४७ साली. मग १९१७ साली हे जोडनाव आले कोठून? खऱ्या सेक्स्टंटच्या कमानीवर बारीक, सारख्या अंतराच्या रेघा असतात, आरसे नेमके बसतात, अनुक्रमांक असतो आणि लाकडी पेटीच्या झाकणाच्या आत बहुधा तपासणीचा दाखला चिकटवलेला असतो. नकली सेक्स्टंटचे हलणारे भाग सैल असतात आणि नावाची अक्षरे मात्र भली मोठी. ज्या वस्तूवर प्रसिद्ध बोटीचे किंवा कंपनीचे नाव ठळक झळकते, तिच्याकडे अधिक संशयाने पाहावे. गोल खिडकी खरी असेल तर तिचे वजन एका हाताला झेपत नाही, बोल्टांची भोके झिजलेली असतात आणि खाचांत रंगाचे अनेक थर दिसतात.

कायदा आणि सावधगिरी

शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू किंवा ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. ऐतिहासिक महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. आखातातून किंवा विलायतेतून कोणी जास्त भाव देतो म्हणून वस्तू सामानात घालून नेणे अंगलट येऊ शकते. पूर्व आफ्रिकेच्या फेऱ्यांत आणलेल्या हस्तिदंताच्या आणि कासवाच्या पाठीच्या वस्तूंची विक्री वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरते, मग त्या कितीही जुन्या असोत.

वस्तू घरात कशी आली, हाही प्रश्न आहे. बोट तोडणीला जाताना विकत घेतली, कंपनीने निवृत्तीच्या वेळी दिली, की आणखी कशी आली, हे ठाऊक असेल तर प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. संग्रहालये आणि जबाबदार व्यापारी आधी हेच विचारतात.

आरोग्याच्या दोन गोष्टी. जुन्या होकायंत्रांच्या आणि घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा लेप देत. चमक गेली तरी त्यातला किरणोत्सार जात नाही. अशी तबकडी उघडू नये, खरवडू नये. इंजिनरूमच्या नळांवरचे पांढरट वेष्टन आणि जुनी गॅस्केटे यांत अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

घरच्यांनी काय करावे?

पेटी विकायची की ठेवायची, हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे. गरज असेल तर विकण्यात कमीपणा नाही. मात्र त्याआधी एक काम करावे, आणि त्याला एका वहीपलीकडे खर्च नाही. घरात जुने जाणते कोणी हयात असेल, तर त्यांच्यासमोर पेटी उघडावी. एकेका वस्तूला क्रमांक द्यावा. ती कोणाची, कोणत्या बोटीची, साधारण कोणत्या सालची, घरात कशी आली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत, पेनाची शाई पुढे उमटते. मोबाइलवर प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेऊन ते दोन-तीन नातेवाइकांकडे पाठवून ठेवावे. कागदांना लॅमिनेशन करू नये. कोकणच्या पावसाळ्यात ओल येते, म्हणून सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवावेत.

ज्यांना हा ऐवज सर्वांच्या उपयोगी पडावा असे वाटते, त्यांनी मुंबईतील राज्य पुराभिलेखागार किंवा नौदलाशी संबंधित सागरी इतिहास संस्था यांच्याकडे विचारणा करावी. मूळ वस्तू द्यायची नसेल, तर निदान कागदांची छायाचित्रे तरी देता येतात.

कंपन्यांच्या इतिहासात मालकांची, कप्तानांची आणि बोटींची नावे येतात. कोळसा ओढणाऱ्या आगवाल्याचे, सुकाणी धरणाऱ्याचे किंवा भंडाऱ्याचे नाव तेथे सापडत नाही. ते असते त्याच्या नळीत आणि घरच्यांच्या आठवणीत. आठवण सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. भंगारवाला पुढच्या आठवड्यातही येईल. त्यांची सांगितलेली हकिगत आधी उतरवून घ्यावी, मग पेटीचे काय करायचे ते ठरवावे.